खोटंखोटं प्रेम, दुसरी संधी आणि कानातले दोन पुरुष

स्लो_लोकल

मंडळी, हा धागा काढू की नको असं दोन महिने चाललं होतं. आज मेगाब्लॉकच्या कृपेने ठाकुर्लीच्या अलीकडे गाडी पाऊण तास उभी आहे म्हणून मोबाइलवरच टाइप करायला घेतलंय, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका.

तर गे रोमान्सची ऑडिओबुकं. त्यात माझे दोन वीक पॉइंट. पहिला फेक रिलेशनशिप, म्हणजे दोघं काही गरजेपोटी जगासमोर जोडपं असल्याचं सोंग घेतात आणि सोंग घेता घेता खरोखरच अडकतात. दुसरा सेकंड चान्स, म्हणजे पूर्वी काहीतरी होतं, ते तुटलं, आणि आता दहा वर्षांनी तोच माणूस कुणाच्या तरी लग्नात समोर उभा, तेही टक्कल वगैरे न पडता (हे फक्त पुस्तकातच होतं).

मी डोंबिवली ते सीएसएमटी मुद्दाम स्लो पकडतो कारण फास्टमध्ये इअरबड कानात टिकत नाही, कुणाच्यातरी कोपराबरोबर तो मुलुंडला उतरून जातो. स्लोमध्ये सव्वा तास निवांत. सुरुवात झाली अलेक्सिस हॉलच्या 'बॉयफ्रेंड मटेरियल'पासून, २०२० चं पुस्तक आहे, वाचलंय जो जेमसनने. लंडनमधला ल्यूक, एका जुन्या रॉकस्टारचा मुलगा, शेणकिड्यांना वाचवणाऱ्या एका संस्थेत देणग्या गोळा करायचं काम करतो. हो, शेणकिडेच. पेपरात त्याचा नको तसा फोटो येतो, देणगीदार मागे सरकायला लागतात, मग त्याला एक 'सभ्य' बॉयफ्रेंड दाखवायला हवा असतो. तिकडे ऑलिव्हर, बॅरिस्टर, शाकाहारी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, त्याला आईवडलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एकटं जायचं नसतं. झालं, ठरलं की सोंग.

आता मला जे म्हणायचंय ते असं की हे पुस्तक मी आधी छापील वाचलं होतं आणि ठीक वाटलं होतं. कानातून ऐकलं तेव्हा कळलं की फेक रिलेशनशिप ही गोष्टच मुळात ऐकायची आहे. कारण दोघांची वाक्यं सगळी नाटकातली असतात, 'हा माझा बॉयफ्रेंड' हे वाक्य पहिल्या पार्टीतही तेच आणि बाराव्या प्रकरणानंतरही तेच, कागदावर अक्षरं तीच दिसतात. पण नॅरेटर दुसऱ्यांदा ते वाक्य बोलताना मध्येच एक एवढासा श्वास घेतो ना, तिथे तुम्हाला कळतं की याचं काम झालं, त्याला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी. मी भांडुप-नाहूरच्या मध्ये एकटाच हसत होतो, समोरचे काका जागा बदलून बसले.

तुम्ही कोणी ऐकता का हे? काय ऐकता, कधी ऐकता? गाडी हलली, बाय.

चिंचगुळ

अग्गोबाई, मला वाटलं आख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच! मी भाकऱ्या थापताना ऐकते. हात पिठाचे असतात त्यामुळे मागे नेता येत नाही, जे निसटलं ते निसटलं, फार महत्त्वाचं असलं तर कोपराने पॉज. परवा नेमकं दहा वर्षांनी पहिल्यांदा भेटतात त्याच ठिकाणी कुकरच्या शिट्ट्या, मी गॅस बंद केला, भात कच्चा राहिला, नवऱ्याने विचारलं काय झालं तर म्हटलं, 'अरे, तो परत आलाय.' नवरा म्हणे कोण, दूधवाला?

नॅरेटरचं तुमचं एकदम पटलं. थोडं माझं ज्ञान पाजळते. हे तीन प्रकारे वाचतात. एकच माणूस दोन्ही आवाज काढतो. किंवा दोघं असतात, एक प्रकरण याचं एक त्याचं, पण मग याच्या प्रकरणात त्याचे संवादही यालाच बोलावे लागतात, म्हणजे एकाच हिरोचे दोन आवाज ऐकायची सवय करायची. तिसरा ड्युएट, त्यात ज्याचा संवाद तोच बोलतो, नाटकासारखं. ड्युएट ऐकायला छान पण खर्चिक काम, नॅरेटरला पैसे तयार ऑडिओच्या तासाप्रमाणे मिळतात आणि एका तासात साधारण ९,३०० शब्द बसतात असा हिशोब धरतात. म्हणजे नव्वद हजार शब्दांची कादंबरी जवळजवळ दहा तास. माझ्या भाकऱ्यांत मोजलं तर तीन आठवडे.

माझं मत विचाराल तर फेक रिलेशनशिपला एकच नॅरेटर बरा. एकाच गळ्यातून दोघं येतात त्यामुळे एक आवाज हळूहळू दुसऱ्याची लकब उचलतो, आणि लग्न झालेल्या माणसांचं तसंच होतं की. सेकंड चान्सला मात्र दोन वेगळे आवाज हवेत, मधली वर्षं ऐकू आली पाहिजेत.

विषयांतर_नको

चालू द्या. आपल्या मराठी साहित्यात प्रेमकथा कमी पडल्या म्हणून आता इंग्लंडातल्या शेणकिड्यांपर्यंत पोचलो. हे सगळं आपल्याकडचं नव्हेच.

आजीचा_ट्रान्झिस्टर

विषयांतर_नको, तुमचा आयडी आणि प्रतिसाद यांचं आपसात जमत नाही बघा. (हलके घ्या.)

मी एकाहत्तर वर्षांची आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नातीने फोनमध्ये ही ऑडिओबुकं भरून दिली आणि त्यात तिची यादी तशीच राहिली, ती मी सगळी ऐकून काढली. पहिली दोन-तीन जरा चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. आम्ही रेडिओवर वाढलेली माणसं हो. आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं, बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. त्या मीनावहिनी नवऱ्याला नुसतं 'हं' म्हणायच्या आणि आम्हाला कळायचं की आज पंतांची धडगत नाही. चेहरा दिसत नसला की कान किती चोंबडे होतात ते आमच्या पिढीला नवीन सांगायला नको. स्लो_लोकल म्हणतात तो श्वास मलाही ऐकू आला होता, मी नातीला तेव्हाच म्हटलं, हा गेला कामातून.

आणि आपल्याकडचं नव्हे कसं? तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आम्ही १९८० च्या दशकात पाहिलंय. दोन मुलींची गोष्ट होती ती. नाटक संपल्यावर आमच्या रांगेत कोणी कोणाकडे बघेना. फरक एवढाच की तेव्हा शेवट असा असायचा की घरी येऊन झोप लागायची नाही. आता या नातीच्या पुस्तकांत शेवटी दोघं भांडी कुणी घासायची यावर वाद घालत सुखाने नांदतात, मग मला दुपारची झोप छान लागते.

बे_एरिया_बंडू

आज्जी दंडवत!

इकडे सॅन होजेत पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर लिबी ॲपमधून फुकट मिळतात ही पुस्तकं, फक्त रांग असते, चांगल्याला पाच-सहा आठवडे. मी ऑफिसला जाताना १.२५ स्पीडवर ऐकतो, आणि 'तसले' सीन आले की २ वर. बायको म्हणते नेमकं उलटं करतात लोक.

शेवटाचं जे म्हणालात ते या प्रकाराचं मूळच आहे, रोमान्स म्हणायचं तर शेवट आशेचा हवा हा करार आहे वाचकाशी, तो मोडला तर कादंबरी चांगली असेल पण रोमान्स नाही. आणि गे गोष्टींत हा करार फार उशिरा आला. ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहून ठेवली, शेवट गोड करायचाच असा हट्ट धरून, आणि तेवढ्यासाठी ती आयुष्यभर कपाटात ठेवली. तेव्हा इंग्लंडात तो गुन्हाच होता, १९६७ ला कायदा बदलला, १९७० ला म्हातारा गेला आणि १९७१ ला पुस्तक आलं. दोघं एकत्र राहिले एवढ्या एका गोष्टीसाठी सत्तावन्न वर्षं थांबायचं म्हणजे काय राव.

रच्याकने (बाय द वे), सेकंड चान्सची खापरपणजी हवी असेल तर जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन', लिब्रिव्हॉक्स या ऑडिओबुकांच्या साइटवर फुकट आहे. आठ वर्षांनी परत येणारा कॅप्टन. गे नाही पण सगळे आजचे लेखक तिथूनच उचलतात.

अर्धा_कप

माझा किस्सा. नाशिकहून पुण्याला आईला घेऊन येत होतो. गाडीत बसल्या बसल्या फोन आपोआप ब्लूटूथला जोडला गेला आणि रात्री जिथे थांबवलं होतं तिथून पुढे सुरू. नशीब की तसला सीन नव्हता, वर धाग्यात आहे तेच पुस्तक, ऑलिव्हरच्या आईवडलांची पार्टी. (स्पॉयलर आहे, पुढचं वाक्य सोडा.) पाहुण्यांसमोर ते त्याला गोड आवाजात टोचून टोचून बोलत असतात, त्याचं काम, त्याचं दिसणं, सगळं, आणि तो इतका शहाणा बॅरिस्टर नुसता गप्प ऐकत असतो, शेवटी ल्यूकच भडकतो. माझी आई रिटायर्ड इंग्लिशची टीचर, तिला सगळं समजत होतं. सिन्नर गेलं, मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाली असू दे. संगमनेरपर्यंत दोघं गप्प. तिथे चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, 'त्या मुलाचे आईवडील अगदीच वाईट आहेत रे.' मग कपातला चहा संपेपर्यंत काही नाही, आणि मग, 'मी कधी अशी बोलते का तुला?'

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. नाही म्हटलं तेवढंच. आळेफाट्यापासून पुढे तिने पुन्हा लावायला सांगितलं.

चिंचगुळ

अर्धा_कप, माझा भात आज परत कच्चा राहणार.

आडनाव_नको

धागा तीन दिवस वाचतोय. लिहू का नको करत होतो.

मी चोपन्न वर्षांचा. मिरजेचा. कॉलेजात होस्टेलला आम्ही दोघं होतो, चार वर्षं एक खोली, आणि नंतर नोकरीला पुण्यात दोन वर्षं एक फ्लॅट. घरमालकाला फार आनंद, दोन शिकलेले सभ्य मुलगे, पार्ट्या नाहीत, मुली आणत नाहीत. वर कोणीतरी फेक रिलेशनशिप म्हणजे नसलेलं नातं दाखवणं म्हणालं, आमचं उलटं होतं, असलेलं नातं नसल्याचं सोंग, आणि ते इतकं बेमालूम जमलं की पुढे पुढे आमचं आम्हालाच खरं वाटायला लागलं. १९९९ मध्ये त्याचं लग्न झालं. मी हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडत होतो.

सेकंड चान्सची पुस्तकं मी खूप ऐकली गेल्या चारेक वर्षांत. गाडी बिल्डिंगखाली लावून वर न जाता ऐकत बसतो. पण एक गोष्ट मला दर वेळी टोचते ती विचारतो. यातला एकजण मध्ये लग्न करून बसलेला असतो ना बऱ्याचदा, तर त्या बाईचं काय होतं? पुस्तकात ती एकतर आधीच घटस्फोट घेऊन मोकळी झालेली असते, किंवा अपघातात गेलेली, किंवा इतकी समजूतदार की स्वतःच म्हणते जा त्याच्याकडे. लेखकाला ती नको असते म्हणून ती तिथून हलवलेली असते, बास. मी त्याच्या बायकोच्या हातचं जेवलोय. ती मला भाऊजी म्हणते. तिला कुठे हलवायची?

बे_एरिया_बंडू यांनी 'मॉरिस'चं नाव काढलं. त्यातला क्लाइव्ह, ज्याने आधी प्रेम केलं आणि मग नाही म्हणून लग्न केलं, तो शेवटी आपल्या बायकोपासून हे सगळं कसं लपवायचं याचा विचार करत घरात जातो, आणि पुस्तक तिथे संपतं. मॉरिसचं भलं होतं, ठीक, पण मला तेच घर दिसत राहतं. फॉर्स्टरने निदान त्या बाईला घरात ठेवली, वाचकाच्या सोयीसाठी मारून टाकली नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला त्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला होता, 'बातमी बघितली का'. मी 'हो' लिहिलं. पुढे दोघांनीही काही लिहिलं नाही. आता ती दुसरी संधी होती की नुसती बातमी, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

स्लो_लोकल

आडनाव_नको, काय लिहू कळत नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

चिंचगुळ

मी लिहिते. ती बाई माझी आतेबहीण आहे. म्हणजे तुमच्या मित्राची बायको नव्हे, तशीच दुसरी. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर नवऱ्याने सांगितलं, आधी सांगायला हवं होतं असंही सांगितलं. ती समजूतदार वगैरे अजिबात नाही, तिने घरातले सगळे स्टीलचे डबे त्याच्या अंगावर फेकले होते, एक डबा अजून चेपलेला आहे, त्यात ती रवा ठेवते. आता वेगळे राहतात, पोरीच्या बारावीला दोघं एकत्र जातात.

गंमत म्हणजे मला ही ऑडिओबुकं तिनेच लावली. मी तिला म्हटलं, बाई तुला राग नाही येत हे ऐकताना? तर म्हणाली फेक रिलेशनशिपवालं ऐकलं की येतो, कारण मी सोळा वर्षं त्यातच होते आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं की हे नाटक आहे. सेकंड चान्सवालं ऐकते, कुणाचं तरी जमतंय हे कानाला बरं वाटतं.

मधलीसुट्टी

मी सबटायटल्स आणि डबिंगची भाषांतरं करते त्यामुळे माझा किडा वेगळा. मी ही पुस्तकं ऐकताना मनातल्या मनात मराठी करत बसते आणि दर पाच मिनिटांनी अडते.

पहिली अडचण म्हणजे एकमेकांना हाक काय मारायची. इंग्रजीत सगळा कारभार एकाच सर्वनामावर. मराठीत ल्यूक आणि ऑलिव्हर पहिल्या भेटीत 'तुम्ही' म्हणणार की 'तू'? समजा सोंग ठरवताना अटच घातली की चारचौघांत 'अरे' म्हणायचं. मग एकटे असताना परत 'तुम्ही'. आणि एके दिवशी स्वयंपाकघरात, बघायला कोणी नाही, काही नाही, आणि तोंडून 'तू' निघून जातं. बास, तो सीन! इंग्रजीतल्या लेखकाला त्यासाठी चार पानं खर्च करावी लागतील, आपल्याकडे एका अक्षरात काम. आणि सेकंड चान्सला याच्या उलट, दहा वर्षं 'तू' म्हटलेल्या माणसाला परत भेटल्यावर 'तुम्ही कसे आहात' म्हणणं. मराठी नॅरेटरला ते वाक्य द्या, दुसरं काही लिहूच नका.

दुसरी गोष्ट आपल्या फायद्याची. दोन पुरुष असले की इंग्रजीत कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर याचा गोंधळ, सगळेच 'ही' आणि 'हिज', नॅरेटर आवाज बदलतो म्हणून निभावतं. मराठीत 'त्याने आपला हात त्याच्या हातावर ठेवला' म्हटलं की विषय संपला. हा 'आपला' म्हणजे या प्रकारच्या साहित्यासाठीच घडवलेला शब्द आहे असं माझं ठाम मत झालंय.

तिसरी अडचण, बंडू ज्या सीनला २ स्पीड करतात ती. शब्द नाहीत. जे आहेत ते एकतर डॉक्टरच्या केबिनमधले नाहीतर रिक्षा स्टँडवरच्या भांडणातले. मधलं प्रेमाचं दुकान रिकामं. लावणीत बघा, दुकान भरलेलं होतं की, पण तिथे पुरुष-पुरुष नाहीत, आणि असले तरी बाईच्या वेशातले.

ठसका_कोल्हापुरी

बाईच्या वेशावरून, 'अशी ही बनवाबनवी' १९८८ ला आला. जोडप्यालाच खोली देणाऱ्या घरमालकिणीसाठी मित्रांनीच बायका बनायचं. आख्ख्या महाराष्ट्राला फेक रिलेशनशिप तोंडपाठ आहे आणि वर कोणीतरी म्हणतंय आपल्याकडचं नव्हे. आणि प्रत्यक्षात बघा, आडनाव_नको म्हणतात तसं दोन पुरुषांना खोली पटकन मिळते, फक्त जोडपं आहोत असं तोंडातून काढायचं नाही.

ऐकीव

मी दृष्टिहीन आहे, तुमच्यासाठी ऑडिओबुक ही हौस, माझ्यासाठी पुस्तक म्हणजे तेच. स्क्रीन रीडरने मी काहीही 'वाचू' शकतो, आणि तो यंत्राचा आवाज सगळं एकाच पट्टीत वाचतो, वीजबिलही आणि चुंबनही. त्यामुळे तुम्ही ज्याला नॅरेटरची करामत म्हणता तिच्याबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे. काही नॅरेटर फारच सांगून टाकतात. तुमचा तो श्वास! अहो मला पण शोधू द्या ना. रोमान्स मी आधी यंत्राच्या आवाजात ऐकतो, खोटं कुठे संपलं ते माझं मी ठरवतो, मग नॅरेटरचं ऐकतो आणि आमचं जुळतंय का ते बघतो. बहुतेक वेळा मी त्याच्या आधी ओळखलेलं असतं.

मराठीबद्दल म्हणाल तर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मी दोनदा ऐकली, एकदा मित्राने वाचून दाखवली तेव्हा आणि एकदा यंत्राकडून. २००६ ची. एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण, अर्धी त्याच्या तोंडून, अर्धी तिच्या. म्हणजे दोन आवाजांत वाचण्यासाठी लिहिल्यासारखीच, आणि ज्याच्यावर दोघांचा जीव जडलाय त्याला स्वतःचा आवाजच नाही. रोमान्स नव्हे ती, बंडूंचा करार तिथे मोडतो. पण कानाने वाचायची तर ती.

स्लो_लोकल

ऐकीव, आजपासून मी श्वासाचं कौतुक जरा जपून करीन.

गोड शेवटाचं मराठी हवं असेल तर ऐकायचं नाही पण बघायचं सांगतो. 'साबर बोंडं' हा सिनेमा, दिग्दर्शक रोहन कानवडे, २०२५ ला सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस मिळालं. मुंबईचा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकात गावी जातो, तिथे लहानपणचा दोस्त बाळ्या, लग्न कर म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि ती निवडुंगाची लाल बोंडं. मी थेटरात डोळे मिटून दहा मिनिटं नुसता ऐकला, शेळ्या, पायाखालचा पाचोळा, आणि दोन माणसं जवळजवळ काहीच बोलत नाहीत. ज्यांना वाटतं की सेकंड चान्सला विमानतळावरची धावाधाव लागते त्यांनी बघाच.

विषयांतर_नको

परत आलो. माझा मुद्दा वेगळा होता पण असू दे. बायकोने हा धागा वाचला आणि ते शेणकिड्यांचं मागवलंय. ल्यूक ऑफिसमधल्या त्या ॲलेक्सला रोज सकाळी जोक सांगतो आणि त्याला तो कळतच नाही, तिथे ती खदाखदा हसत होती म्हणून मीही एक इअरबड घेतला. जोक बरे आहेत. बाकी मत राखून ठेवतो.

बे_एरिया_बंडू

एका पुस्तकाचे दोन इअरबड नवराबायकोत वाटून घेतलेत? हे कुठल्या ट्रोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कथासाच्यात, बसतं बघा जरा.

आजीचा_ट्रान्झिस्टर

विषयांतर_नको, मत राखून ठेवा, बड परत देऊ नका.

आडनाव_नको

चिंचगुळ, तुमच्या आतेबहिणीचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. चेपलेल्या डब्यातल्या रव्याचं डोक्यात राहिलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

सध्या एक ऐकतोय, पन्नाशीतली दोन माणसं आहेत, एकाचे गुडघे दुखतात. नॅरेटरसुद्धा बहुतेक पन्नाशीचा असावा, जिना चढण्याच्या प्रसंगाला खरोखर धापा टाकतो. यात बायको आहे, जिवंत आहे, आणि सातव्या प्रकरणात तिने दार उघडलंय. पुढचं अजून ऐकलं नाही. १.० स्पीडवर ठेवलंय.

चिंचगुळ

नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिलाही हवंय.

अर्धा_कप

काल रात्री आईचा नाशिकहून फोन. गॅस सिलिंडर, शेजारच्यांचं मांजर, वॉटर प्युरिफायरवाला आला नाही, सगळं झालं. मग ठेवता ठेवता म्हणाली, 'त्या ऑलिव्हरचं पुढे काय झालं रे? मंचरच्या पुढे मला झोप लागली होती.'

मी म्हटलं पुढच्या शनिवारी येतोय, गाडी घेऊन, मग ऐकू.